सोशिक खेळांचा विजय

प्रत्येक क्षेत्रात काही दर्दी माणसं असतात आणि त्या सगळ्यांचं दुःख एकच असतं : लोकांना कळत नाही. गाण्यातल्या दर्द्याच्या मते लोकांना बडा ख्याल कळत नाही, सिनेमातल्या दर्द्याच्या मते लोकांना इराणी चित्रपट कळत नाहीत आणि आंब्यातल्या दर्द्याच्या मते देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरून दिला तरी लोकांना कळत नाही. या दुःखी मंडळींत आता मोबाइल गेमचे दर्दी दाखल झाले आहेत. वयोगट साधारण सतरा ते पंचवीस. कानांवर हेडफोन, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि ओठांवर तोच जुना विलाप : इतके सुंदर गेम निघतायत आणि लोक खेळतात काय, तर लुडो!

आमच्याकडे असा एक दर्दी दर सुट्टीत राहायला येतो. तो माझा भाचा.

"मामा, एकेका गेमवर शेकडो माणसं चार-चार वर्षं खपतात. पावसाचा थेंब घोड्याच्या पाठीवर पडला की तिथली कातडी थरथरते, इतकं बारीक काम असतं. आणि दुनियेत चालतं काय? गोळ्या-चॉकलेटं एका रांगेत लावा!"

"घोड्याची कातडी थरथरली की पॉइंट मिळतात का?" मी विचारलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग माझी अभिरुची सुधारण्याचं काम त्याने स्वतःच हाती घेतलं.

पहिला अडथळा आला जागेचा. चांगला गेम फोनमध्ये दोन-तीन जीबी जागा मागतो आणि एकदा आत शिरला की 'अजून थोडं सामान यायचंय' म्हणत आणखी एक जीबी अडवतो. माझ्या फोनमधली जागा आधीच गेलेली होती. ती गुलाबांनी, उगवत्या सूर्यांनी आणि वाफाळत्या चहाच्या कपांनी व्यापली होती. ही अडचण माझ्या एकट्याची नाही. भारतीयांचे फोन सकाळच्या शुभेच्छांनी तुंबतात हे गूगलच्याही ध्यानात आलं होतं. २०१७ च्या अखेरीस त्यांनी 'फाइल्स गो' नावाचं ॲप काढलं, तेव्हा असली चित्रं हुडकून काढायची विद्या त्याला मुद्दाम शिकवावी लागली. तेव्हा घोड्याच्या पाठीवरच्या पावसाची स्पर्धा दुसऱ्या गेमशी नसतेच. ती असते कमळावर बसून आलेल्या 'शुभ गुरुवार'शी. आणि 'शुभ गुरुवार' पुसला तर पाठवणाऱ्या काकूंना ते कळतं, अशी आमच्या घरात पक्की समजूत आहे.

शेवटी दोन लग्नांचे आणि एका मुंजीचे व्हिडिओ भाच्याच्या लॅपटॉपवर हलवून जागा झाली. गेम सुरू झाला, म्हणजे सुरू होण्याची तयारी सुरू झाली. भाषा निवडा. अटी मान्य करा. खातं उघडा. ओटीपी टाका. मग एका धीरगंभीर आवाजाने कुठल्याशा राज्याचा तीन पिढ्यांचा इतिहास सांगायला घेतला. मी तो पुढे ढकलायला बोट उचललं तर भाचा ओरडला, "मामा, स्टोरी स्किप नको करूस, त्यातच तर सगळं आहे!" इतिहास संपला आणि माझा नायक घडवायची पाळी आली. त्याची हनुवटी किती रुंद असावी हे मला ठरवायचं होतं. घराच्या पडद्यांचा रंगही मला कधी कोणी विचारलेला नाही. एकदम परक्या माणसाच्या हनुवटीची जबाबदारी अंगावर आल्याने मी गांगरलो. पुढे डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्या अंगठ्याने बघायचं आणि तर्जनीने तलवार चालवायची. माझा नायक भिंतीला नाक लावून जागच्या जागी चालू लागला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?"

मी आठवायला म्हणून मान वर केली. मान खाली घातली तोवर लांडग्यांनी त्या राज्याचा तीन पिढ्यांचा इतिहास संपवलेला होता.

या कुकरच्या शिट्टीत गेमच्या सगळ्या धंद्याचं मर्म आहे. दर्दी म्हणतात, लोकांची आवडच उथळ. आवडीचं नंतर बघू. आधी लोकांकडे वेळ कसला आहे ते बघायला हवं. चांगल्या गेमला सलग तास लागतो, ज्यात कोणी हाक मारणार नाही, बेल वाजवणार नाही आणि 'जरा इकडे ये' म्हणणार नाही. असा तास आपल्या घरांत फक्त दहावीला बसलेल्या मुलाला मिळतो. बाकीच्यांच्या वाट्याला येतो तो वेळेचा चुरा. बँकेत आपलं टोकन ११४ आणि पाटीवर १०९. दवाखान्यात 'डॉक्टर निघालेत, येतीलच'. मुलीच्या क्लासबाहेर स्कूटरवर बसून काढलेली वीस मिनिटं. टँकर यायचाय, इलेक्ट्रिशियन यायचाय, पाहुणे कोपऱ्यावर आलेत. या चुऱ्यात जो खेळ बसतो, तोच खपतो.

त्यासाठी खेळाच्या अंगी एकच गुण लागतो आणि तो दर्द्यांच्या परीक्षणात कधीच सापडत नाही. तो म्हणजे सोशिकपणा. स्वस्तातला गेम अपमान गिळतो. टोकन ११४ पुकारलं की त्याला आहे तिथे टाकून उठा, तो रागावत नाही. चार दिवस तोंड दाखवू नका, तो कारण विचारत नाही. नियम विसरलात तर पुन्हा बोट धरून दाखवतो. आवाज बंद करून खेळा, काच तडकलेल्या फोनवर खेळा, मीटिंगमध्ये टेबलाखाली धरून खेळा, त्याची कशालाच हरकत नसते. चांगला गेम मानी असतो. त्याला हेडफोन हवा, अंधार हवा आणि मागच्या भागात त्या म्हाताऱ्याने दिलेली किल्ली तुम्ही कुठे ठेवलीत ते तुम्हाला आठवायला हवं. स्वतःच्या कपाटाची किल्ली सापडत नाही त्या वयात ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

खात्री करायची असेल तर सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये उभं राहून बघा. बसून बघा म्हणणार होतो, पण ते शक्य नाही. एक हात वरच्या कडीला, बॅग पुढे छातीशी आणि उरलेल्या हाताचा उरलेला अंगठा. सगळी बाजारपेठ त्या एका अंगठ्यावर उभी आहे. डेन्मार्कमध्ये तयार झालेला 'सबवे सर्फर्स' २०१२ मध्ये आला तो याच अंगठ्यासाठी. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, शिक्षण संपलं. गाडीवर रंगकाम करताना पकडला गेलेला एक पोरगा रुळांवरून आणि डब्यांच्या टपांवरून पळत सुटतो, मागे शिपाई आणि शिपायाचं कुत्रं. २०१८ मध्ये गूगल प्लेवर १०० कोटी डाउनलोडचा टप्पा गाठणारा हा पहिला गेम ठरला. हा पोरगा दर थोड्या दिवसांनी नव्या शहरात जातो. मुंबईतही येऊन गेला. म्हणजे चेंगरलेल्या डब्यात एका पायावर उभा असलेला माणूस फोनवर एका पोराला गाडीच्या टपावरून पळवतो आहे आणि त्याच वेळी फलाटावर 'रेल्वे रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे' ही घोषणा चालू आहे. मुंबईत कोणालाही यात काही वावगं दिसलं नाही. रिकामी गाडी निदान फोनमध्ये तरी बघायला मिळते, एवढंच त्या माणसाचं समाधान.

हे गणित नवं नाही. १९९७ मध्ये टानेली आर्मांटो या फिनलंडच्या अभियंत्याने नोकियाच्या ६११० या फोनमध्ये साप सोडला. साप म्हणजे काही काळे ठिपके. त्याला रंग नव्हता, चेहरा नव्हता, पार्श्वसंगीत नव्हतं. खात सुटायचं, वाढत जायचं आणि शेवटी आपल्याच पसाऱ्यावर आपटून मरायचं. याला कथानक नाही अशी तक्रार एकाही गृहस्थाने केली नाही.

दर्द्यांची दुसरी तक्रार अशी की, इथे मेहनतीला किंमत नाही. ही मात्र पुराव्यासकट सिद्ध झालेली आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत 'थ्रीज' नावाचा आकड्यांचा गेम आला. ॲशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड या अमेरिकन जोडीने त्यावर १४ महिने काढले होते. चार बाय चारचा पट, आकडे सरकवायचे, जोड्या जुळवायच्या. एवढ्याशा खेळाला १४ महिने कशाला, असं वाटेल. पण ते लागतात एवढासा करायलाच. किंमत दोन डॉलर. जाणकारांनी डोक्यावर घेतलं. तीन आठवड्यांत '१०२४' नावाची नक्कल आली. मार्चमध्ये गाब्रिएले चिरुल्ली या इटलीतल्या १९ वर्षांच्या मुलाने, आपल्याला गेम लिहायला जमतो का बघू म्हणून, एका शनिवार-रविवारात '२०४८' लिहिला आणि फुकट इंटरनेटवर ठेवून दिला. त्यानंतर जगभरातल्या ऑफिसांत बरेच दिवस जी कामं झाली नाहीत, त्यांचं कारण हा शनिवार-रविवार.

थ्रीजवाल्यांना वाईट वाटलं. साहजिक आहे. त्यांनी १४ महिन्यांतली आपली सगळी इमेलं लोकांपुढे मांडली. कुठला नियम का बदलला, कुठलं चित्र का टाकलं, कुठे अडलं, कसं सुटलं. आणि वर म्हटलं की, तो दुसरा गेम फारच सोपा आहे.

गिऱ्हाइकाचं म्हणणं नेमकं तेच होतं.

फरक बघा. थ्रीजमध्ये एक आणि दोन मिळून तीन होतात. पण एकाला एक जुळत नाही, दोनाला दोन जुळत नाहीत आणि तिनापासून पुढे मात्र सारख्यालाच सारखा लागतो. हे वाक्य वाचताना तुम्ही जिथे अडखळलात, तिथे अर्धं गिऱ्हाईक गळालं. २०४८ मध्ये दोन आणि दोन चार. चार आणि चार आठ. हे बालवाडीतच होऊन गेलेलं आहे.

मेहनत आणि यश यांचं नातं किती लांबचं असू शकतं, याची हद्द व्हिएतनाममध्ये झाली. हनोईच्या डोंग न्यूएनने २०१३ च्या मेमध्ये 'फ्लॅपी बर्ड' काढला. एक गुबगुबीत पक्षी, वर-खाली हिरवे पाइप. बोट टेकवलं की पक्षी उडतो, न टेकवलं की पडतो, आणि दोन्ही केलं तरी पाइपावर आपटतो. आठ महिने त्याला कोणी विचारलं नाही. २०१४ च्या जानेवारीत मात्र सगळं जग त्याच्यामागे लागलं आणि जाहिरातींतून दिवसाला ५०,००० डॉलर मिळत असल्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारीत न्यूएनने गेम काढूनच घेतला. लोकांना नाद लागलाय आणि माझं साधं आयुष्य बिघडलंय, असं त्याचं म्हणणं. मग तो पक्षी आधीपासून असलेले फोन लोकांनी अव्वाच्या सव्वा भावाने विकायला काढले. ही हकिगत ऐकून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एवढंच म्हणाले, "रोजचे तीस लाख येत असते तर साध्या आयुष्याची आठवण मला निवांत, साठीनंतर झाली असती."

आता पैशांचं बघू. आपला माणूस फोनला वीस-पंचवीस हजार मोजतो. त्याला पाठीमागून कव्हर घालतो, पुढून काच चिकटवतो, पहिल्या दिवशी हळद-कुंकूही लावतो. पण फोनच्या आत जे येईल ते फुकटच आलं पाहिजे, ही त्याची निष्ठा आहे. गूगलने २०१५ मध्ये भारतापुरती ॲपची किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणून पाहिली. पण अडचण दहा रुपयांची नव्हतीच. दहा रुपये द्यायचे म्हणजे निर्णय घेणं आलं, आणि निर्णय घेतला की तो चुकण्याची भीती आली. शिवाय बँकेचा मेसेज बायकोच्या नजरेस पडला तर 'हे दहा रुपये कसले?' या प्रश्नाला माणसाकडे उत्तर नसतं. 'गेम घेतला' हे उत्तर पन्नाशीच्या माणसाला शोभत नाही. फुकटच्या गेमला असलं काही लागत नाही. म्हणून गेम उतरवून घेण्यात भारत जगात अव्वल आहे आणि पैसे मोजणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव शोधायला बरंच खाली उतरावं लागतं.

हा गुण आपल्या एकट्याचा आहे, असा गर्व मात्र नको. लंडनच्या अस्टू कंपनीने २०१४ च्या एप्रिलमध्ये 'मॉन्युमेंट व्हॅली' काढला, किंमत चार डॉलर. चढताहेत की उतरताहेत ते कळू नये असे जिने, त्यांवरून टोकदार टोपी घालून चालणारी इडा नावाची चिमुकली राजकन्या आणि प्रत्येक दृश्य चौकट करून भिंतीवर लावावं असं. 'हाउस ऑफ कार्ड्स' या मालिकेतला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षसुद्धा राज्यकारभार सोडून तो खेळताना दाखवलाय. गेम बुडाला वगैरे नाही, चांगला चालला. पण पुढे कंपनीने आकडे जाहीर केले तेव्हा कळलं की अँड्रॉइडवर ज्या फोनांत तो होता, त्यांतल्या फक्त ५ टक्के फोनांवर त्याचे पैसे भरलेले. बाकीच्या सगळ्या राजकन्या मागच्या दाराने आलेल्या. २०१४ मध्येच कंपनीने आणखी आठ भाग काढले आणि त्यांचे वेगळे दोन डॉलर मागितले. त्यावर काही गिऱ्हाइकं अशी खवळली की त्यांनी गेमला पाचांपैकी एक तारा दिला. नवे भाग वाईट आहेत अशी त्यांची तक्रार नव्हतीच. पैसे मागितले, एवढाच गुन्हा.

मारिओसारख्या मातब्बरालाही हेच भोगावं लागलं. निन्टेन्डोने २०१६ च्या डिसेंबरात 'सुपर मारिओ रन' आयफोनवर आणला. एका हाताने खेळता येईल असा, म्हणजे कडीला लटकलेल्या माणसाचा विचार त्यांनीही केलेला होता. पहिले काही टप्पे फुकट आणि पुढचं सगळं दहा डॉलरला. पहिल्या काही आठवड्यांत ७ कोटी ८० लाख डाउनलोड झाले. दहा डॉलर काढून दिले ते शंभरातल्या पाच-सहांनी. ग्राहक पेठेत प्रत्येक स्टॉलवर चिमूटभर चटणीची चव घेऊन 'छान आहे हो' म्हणत पुढे सरकणारी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या आकड्यांचं नवल वाटणार नाही.

मग फुकट देणाऱ्यांचं पोट कशावर भरतं? हे समजून घ्यायचं तर आमच्या आत्याला भेटायला हवं. आत्या सत्तरीची, निवृत्त मुख्याध्यापिका आणि 'कँडी क्रश'च्या चार आकडी लेव्हलवर. २०१२ मध्ये किंग कंपनीने काढलेल्या या गेममध्ये खेळायला पाच जीव मिळतात. हरलात की एक जातो. पाचही गेले की गेम सांगतो, आता थांबा, अर्ध्या तासाने एक जीव येईल. थांबायचं नसेल तर पैसे भरा, नाहीतर ओळखीपाळखीत जीव मागा. आत्या पैसे भरण्यातली नव्हे. एकदा रात्री पावणेबाराला फेसबुकवरून मला निरोप आला की, आत्याला जीव हवा आहे. अर्धवट झोपेत असला निरोप वाचून माणसाची काय अवस्था होते, ती कल्पनेनेच जाणावी. थरथरत्या हाताने फोन लावला तर पलीकडून शांत आवाज, "जागा आहेस का? मग दे ना एक. नसशील तर झोप."

पुढे कोणीतरी तिला सांगितलं की फोनचं घड्याळ पुढे सरकवलं की जीव लगेच भरतात. आत्याने तारीखच उद्याची करून टाकली. तेव्हापासून ती आम्हा सगळ्यांच्या एक दिवस पुढे राहू लागली. व्हॉट्सॲप उघडेना, ते म्हणे, तुमची तारीख चुकीची आहे. आत्या म्हणे, तुझी चुकीची असेल. एका सकाळी तिने उपास धरला, दुपारी साबुदाण्याची खिचडी केली, संध्याकाळी मोदकांची तयारी केली आणि चंद्रोदय किती वाजता म्हणून भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं, तेव्हा उघडकीला आलं की संकष्टी उद्या आहे.

"मग काय बिघडलं?" आत्या म्हणाली. "उद्याही करीन. लेव्हल तर सुटली ना?"

आत्यासारखी बहुतेक माणसं गेमला आयुष्यात एक पैसा देत नाहीत आणि कंपनीची त्याबद्दल तक्रार नसते. तिचं घर चालतं ते मूठभर उतावळ्यांवर, ज्यांना अर्धा तास थांबणं जमत नाही आणि जे त्यापायी हजारो रुपये उडवतात. धंद्यातले लोक त्यांना 'व्हेल' म्हणतात. उरलेल्या आपल्यासारख्या मासोळ्यांचं काम पाणी हलतं ठेवायचं. एवढ्यावर किती साचतं म्हणाल, तर २०१६ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डने किंग कंपनी ५९० कोटी डॉलर मोजून घेतली. ॲक्टिव्हिजन म्हणजे 'कॉल ऑफ ड्यूटी'सारखे भव्य युद्धाचे गेम काढणारी मंडळी. घोड्याची कातडी थरथरवणाऱ्यांनीच शेवटी गोळ्या-चॉकलेटांचं दुकान विकत घेतलं. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने हेडफोन लावला.

जो पैसे देत नाही, त्याला जाहिरात बघावी लागते. जाहिरात दुसऱ्या एका फुकट गेमची असते. ती बंद करायची फुली कोपऱ्यात असते आणि ती अचूक दाबेल असं बोट मनुष्यजातीला अजून फुटलेलं नाही. जाहिरातीत एक मिशीवाला गृहस्थ संकटात सापडलेला असतो. वर लाव्हा, बाजूला पाणी आणि मध्ये उपसायच्या पिना. शेंबड्या पोरालाही कळावं की पाण्याची पिन आधी उपसायची. पण जाहिरातीतला तो अदृश्य हात दर वेळी लाव्ह्याचीच पिन उपसतो. आपला जीव तळमळतो. 'अरे, आण इकडे' म्हणत आपण गेम उतरवतो, तर आत ना लाव्हा ना पिना. आत एक बाग आहे आणि पुन्हा त्याच रांगा लावायच्या आहेत. २०२० मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकांनी 'गार्डनस्केप्स' आणि 'होमस्केप्स' यांच्या असल्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवून थांबवल्या. लोक तरी बाग साफ करतच राहिले. एकदा घरात शिरलेल्या पाहुण्याला 'तुम्ही ते नव्हे' म्हणून घालवणं आपल्याला जमत नाही.

आता जरा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या दोन टोकांकडे बघू. एका टोकाला, नवी मुंबईत, विकाश जयस्वाल यांची गेमेशन ही कंपनी आहे. तिने २०१६ मध्ये 'लुडो किंग' आणला. जिओने डेटा स्वस्त केला तेही याच वर्षी. लुडो म्हणजे आपलीच पचिसी. इंग्रजांनी ती उचलली, १८९६ मध्ये तिकडे लुडो म्हणून तिचं पेटंट घेतलं आणि सव्वाशे वर्षांनी आपण ती फोनवर परत उतरवून घेतली. २०२० च्या टाळेबंदीत सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' आणि बाकी दिवसभर हातात लुडो, असा निम्म्या देशाचा दिनक्रम होता. डाउनलोडचा आकडा पुढे ५० कोटींच्या पलीकडे गेला. आत्या ठाण्याहून, तिच्या वन्सं नागपूरहून आणि वन्संची सून न्यू जर्सीहून असा त्यांचा डाव रोज बसे. फासा पडून सोंगटी हलेपर्यंत मध्ये बोलायला भरपूर वेळ मिळतो. कोणाची भाजी निवडून झाली, कोणाला सॅनिटायझर मिळालं, कोणाचं लग्न पुढे गेलं. गेम जरा जरी चांगला असता तरी या गप्पांत त्याने व्यत्यय आणला असता.

२०२१ मध्ये पैसे लावून लुडो खेळवणाऱ्या एका ॲपविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. लुडो नशिबाचा खेळ की कौशल्याचा, हा मुद्दा. आत्याच्या मते त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं : "मी जिंकले की कौशल्य, वन्सं जिंकल्या की नशीब." २०२५ मध्ये केंद्राने कायदाच करून पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. फुकटचा लुडो मात्र जागच्या जागी आहे.

दुसऱ्या टोकाला, पुण्यात, नॉडिंग हेड्स गेम्स. त्यांचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला, संगणकासाठी आणि कन्सोलसाठी. राजी ही डोंबाऱ्याच्या खेळातली पोर. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला ती दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन निघते. राजस्थानी धाटणीचे महाल, भिंतींवर रंगवलेल्या पुराणकथा आणि गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तेव्हा कंपनीच्या श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. पुण्यात फ्लॅट विकणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना समजावून सांगणं कठीण आहे. इथे माणसं फ्लॅटपायी बाकी सगळं विकतात. गेमचं जगभर कौतुक झालं, 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी नामांकनही मिळालं.

भाच्याने मोठ्या अभिमानाने तो आत्याला दाखवला. तिने चष्मा पुसून नीट पाहिला.

"पोरगी गुणाची आहे हो. सापडला का तिला भाऊ?"

"अजून नाही, आत्याआजी. अजून खूप असुर मारायचेत."

"मग तू मार. सापडला की सांग मला." आणि तिने फासा टाकला.

भाच्याचं दुःख खरं आहे, पण त्याचं निदान चुकलेलं आहे. आत्याला राजी कळली. तिचा भाऊ सापडावा असं तिला मनापासून वाटलं. फक्त त्यासाठी लागणारा तास आणि दोन मोकळे हात तिच्याकडे नव्हते. लोक खेळ निवडतात ते हातात उरलेल्या वेळेच्या मापाने, आणि आपल्याकडे उरतो तो वेळ टोकन १०९ पासून ११४ पर्यंतचा. तो आहे तोवर सोशिक खेळच जिंकणार. दर्द्यांनी लोकांना नावं ठेवून त्यात फरक पडायचा नाही.

तरी वाचकांना एक विनंती आहे. जमलं तर वर्षातून एखादा गेम विकत घ्या आणि एखाद्या रविवारी दार लावून तासभर खेळा. कुकरकडे दुसऱ्या कोणाला तरी लक्ष द्यायला सांगा. नाही जमलं तरी बिघडत नाही. लुडो खेळा, बाग साफ करा, अडलेल्याला जीव द्या. फक्त कोणी १४ महिने राबून दोन डॉलर मागितले, म्हणून त्याला एक तारा देऊ नका.